सव्वा महिन्याचा रंग

माझ्या मोटारीच्या बोनेटवर सोलापुरी चादरीची नक्षी उठलेली आहे. उजेड तिरपा पडला की स्पष्ट दिसते. मधे मोठं फूल आणि त्याच्या कडेनं बारक्या चौकटींची रांग. नातीला वाटतं, आजीनं हौसेनं काढून घेतली. "आजी, हे कुठं मिळतं करून?" तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "शहापूरला मिळायचं. सोबत एक थोबाडीत फुकट."

ती थोबाडीत देणारी बाई म्हणजे भागरथाबाई.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढं हायवेला लागून दयाराम पेंटरची टिनाची शेड होती. गाड्यांचे पोचे काढायचे, पुट्टी भरायची, घासायचं आणि रंग मारायचा. रंग मारायचा दयाराम, भागरथाबाई त्याची बायको. पाटीवर नाव नवऱ्याचं होतं, पण लोक "भागरथाच्या शेडात गाडी टाकली" असंच म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागेल एवढीच. पण कमरेला कॉम्प्रेसरच्या जुन्या रबरी पाइपाचा हातभर तुकडा खोचलेला असे. इतर बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात, तसा. त्या पाइपानं तिनं ट्रकवाल्यांना मारलं होतं, एका तलाठ्याला मारलं होतं आणि गाडीला अंग घासणाऱ्या म्हशीला तर रोजच मारायची. म्हैस तेवढी परत यायची. बाकीचे येत नसत.

दयारामचा रंग सुकला की गाडी तिच्या ताब्यात जायची, आणि तिच्या मते ती गाडी बाळंतीण असायची. ती हे गमतीनं म्हणत नसे. सव्वा महिना म्हणजे सव्वा महिना. सुरुवातीला अंगाला पाणी नाही, ऊन नाही, फडकं नाही. मग थंड पाण्यानं, हातानं, हळू अंघोळ. गिट्टीच्या रस्त्यावर धावपळ नाही. पॉलिशचं तर सव्वा महिना नावच काढायचं नाही. आणि झाकायचं अजिबात नाही. "झाकली का मेली," ती म्हणायची. "त्याच्या अंदरचा थिनर बाहेर निंघून राहिला असते. त्याचा जीव कोंडते." एकदा एका गिऱ्हाइकानं तिला छेडलं, "काकी, बाळंतिणीले त शेक देतेत, अन् तुमी म्हन्ता ऊन नोको!" तिनं त्याच्या टोंगळ्यावर पाइप हाणला आणि म्हणाली, "घे, तुले शेक."

रंग पिकला की नाही हे ती नाकानं ठरवायची. मोटारीच्या दाराजवळ तोंड नेऊन, डोळे मिटून, लेकराच्या टाळूचा वास घ्यावा तसा वास घ्यायची. थिनरचा जरासा दर्प आला की मान हलायची. "कच्ची हाये अजून. माणूस अन् रंग, दोघंय वरून लवकर वाळते."

आता माझी थोबाडीत.

तेव्हा मी बावन्न वर्षांची तरुण पोरगी होते. शाळेत मुख्याध्यापिका. नवीनच गाडी चालवायला शिकले होते, म्हणजे तसं मला वाटत होतं. काळा गॉगल लावून, एक कोपर खिडकीबाहेर काढून मी शाळेच्या फाटकातून आत शिरायची. एक दिवस फाटक बंद होतं. मी शिरलेच. मग गाडी भागरथाबाईकडं टाकावी लागली आणि तिथून ती डाळिंबी रंगाची होऊन आली. काय सांगू, मला स्वतःच्या लग्नातही एवढा आनंद झाला नव्हता. गाडी नेताना भागरथाबाईनं मला समोर उभं करून सगळी पथ्यं ऐकवली. मी गॉगल डोक्यावर चढवून "हो हो, मला कळतं" म्हणाले. विज्ञान शिकवत होते ना मी! ऊन नको म्हणाली, म्हणून अंगणातल्या मोहाखाली गाडी लावली. चैत्राचे दिवस. मोहफुलं टपटप पडायला लागली, रंगावर चिकट डाग पडायला लागले. म्हणून मग मी माझ्या आंदणातली सोलापुरी चादर तिच्यावर घातली. वरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. केवढी हुशार!

भागरथाबाई सुईणीसारखी घरोघर फेरी मारायची. सायकलवरून यायची, पाय टेकायच्या आत वास घ्यायला लागायची. तिनं चादर पाहिली. उचलली. बोनेटवर हात न लावता वाकून पाहिलं. मग सरळ झाली आणि माझ्या कानाखाली असा आवाज काढला की शेजारचे मास्तर दाढी अर्धी टाकून बाहेर आले.

"काहून झाकली?"

मी मुख्याध्यापिका. उभ्या जिल्ह्यात माझ्यावर कुणी हात उचललेला नव्हता. तोंडातून शब्द आला तो "मोह..." एवढाच.

"मोह पडत होता त मोहाखाली काहून लावली? त्याच्या कायजावर गोधडी घातली तुमी, मॅडम! त्याच्या आंगावर फुलं उठली पाहा!"

बोनेटवर चादरीची फुलं आणि माझ्या गालावर तिची चार बोटं. गालावरची आठवड्यात गेली. मी तक्रार करायला निघालेही होते, पण चपला घालताना आरशात पाहिलं आणि मला हसू फुटलं. तिथून पुढं मी कारण नसताना तिच्या शेडात जाऊन बसायला लागले. माझ्या ड्रायव्हिंगमुळं कारणही वरचेवर मिळायचं.

एकोडीच्या लग्नाची गोष्ट मी तिच्या तोंडून ऐकली आणि नंतर वऱ्हाड्यांच्या तोंडून. दोन्हीकडून सारखीच निघाली, म्हणून खरी समजते. साकोलीकडच्या एका शेतकऱ्यानं गाडी रंगवून नेली आणि आठवड्याच्या आत पुतण्याच्या वरातीला दिली. गाडीला चिकटपट्टीनं झेंडू लावले, मागच्या काचेखाली थर्मोकोलची अक्षरं डकवली. कुणीतरी ही बातमी शेडात आणली. भागरथाबाई एसटीनं एकोडीला गेली. बँड वाजत होता, पोरं नाचत होती. तिनं गर्दीत शिरून आधी झेंडू ओरबाडले. ओरबाडताना पट्टीबरोबर रंगाची सालं निघाली. ती सालं हातात घेऊन ती क्षणभर नुसती पाहत राहिली म्हणे, आणि मग तिनं पाइप काढला.

आधी गाडीमालक खाली बसला. मग नवरदेवाचा भाऊ "ए बुढे!" म्हणून पुढं आला, त्याचा ओठ फाटला. नवरदेव सोडवायला गेला आणि त्याच्या नाकावर फटका बसला. नवरीकडच्या बायकांनी तिला केसांना धरून मांडवापर्यंत फरफटत नेलं. एकीच्या दंडाला ती अशी चावली की त्या बाईला टाके घालावे लागले. नवरदेव नाकात कापूस कोंबून बोहल्यावर उभा राहिला आणि अंतरपाटावर दोन थेंब पडले. संध्याकाळी भागरथाबाई शेडात परतली तेव्हा डोक्यावरची मूठभर जागा मोकळी झालेली होती आणि कोपराला थर्मोकोलचा एक "शु" चिकटलेला होता.

"काय मिळालं तुम्हाला?" मी विचारलं.

तिनं कनवटीतून रंगाची ती सालं काढून माझ्या तळहातावर ठेवली. "हे पाहा. सात हात मारले होते यानं. सात. एका दिवसात उपटून टाकले त्याइनं."

"यानं" म्हणजे दयारामनं. तो कोपऱ्यात घासायचा वॉटर पेपर भिजवत बसला होता. नाकातोंडावर रुमाल, डोळे कायम लाल, बोलणं जवळजवळ नाहीच. पण रंगाची गन हातात आली की त्याचं उजवं मनगट असं फिरायचं की मी चहा विसरून पाहत राहायची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, न थांबता, न थरथरता. त्या एका मनगटावर दोघांचं घर चालत होतं. गावात बोललं जायचं की ही नवऱ्यालाही झोडते. मी एकदा धीर करून विचारलं. ती खरोखर गोंधळली.

"त्याले? त्याचा हात दुखला त रंग कोन मारन, मॅडम?"

पावसाळा संपता संपता रेतीवाल्याची गाडी आली.

वैनगंगेतून रेती काढून विकणारा माणूस. नाव घेत नाही, कारण त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला वाटेल आपलंच लिहिलं. गाडी काळी, भली मोठी. दयारामनं तिच्यावर जीव टाकला. रंग मारून झाला, आणि अजून थिनरचा वास भरलेला असतानाच रेतीवाला दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला. कुणी पुढारी येणार होता, मिरवणुकीत गाडी पाहिजे होती.

मी तिथंच होते. माझ्या गाडीचा मागचा दिवा बदलून घेत होते. दिवा कशानं फुटला ते विचारू नका.

"सव्वा महिना," भागरथाबाई म्हणाली.

"आज," रेतीवाला म्हणाला. "चाबी दे."

"आतून कच्ची हाये भाऊ ते. मिरवनुकीत लोकं हात लावन, गुलाल टाकन. रंग मरून जाईन."

"मरू दे. दुसरा मारजो." त्यानं मान हलवली आणि एक माणूस गाडीकडं निघाला.

दयाराम आडवा आला. हात जोडून. मला आठवतं, त्यानं रुमाल तोंडावरून खाली ओढला होता, म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलायच्या आत त्या माणसानं चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि जोडलेल्या हातांवर मारली. वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. दयाराम ओरडला नाही. खाली बसला आणि आपल्या मनगटाकडं पाहायला लागला. ते भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

पुढचं फार झपाट्यानं झालं. भागरथाबाईच्या पाइपानं टॉमीवाल्याची भुवई उघडी पडली, रक्त डोळ्यात उतरलं. तो आंधळ्यासारखा हवेत टॉमी फिरवायला लागला. दुसऱ्यानं तिला मागून धरलं. तिनं डोकं मागं आपटून त्याचं नाक फोडलं. त्याची पकड सुटली, पण समोरून टॉमी आली ती तिच्या तोंडावर. ती पुट्टीच्या डब्यांवर पडली. डबे माझ्या अंगावर पडले, कारण शाळेत पोरांना शौर्याचे धडे शिकवणारी मी त्या डब्यांच्या मागं मांडी घालून बसले होते. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. रक्तानं भरलेलं. मला वाटलं, झालं आता.

ती उठली. नवऱ्याकडं पाहिलं, त्याच्या मनगटाकडं पाहिलं. मग बाकावरचा पेचकस घेतला. मी डोळे मिटले, कारण आता ती त्या माणसाच्या पोटात खुपसणार हे मला दिसत होतं. किंकाळी आली ती रेतीवाल्याची. डोळे उघडले तर ती गाडीजवळ होती. जिच्यावर ती माशी बसू देत नव्हती त्या रंगात तिनं पेचकस मुठीनं रोवला होता आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, सगळ्या अंगाचा भार टाकून, ओढत चालली होती. दात शिवशिवतील असा तो आवाज. खालचा पत्रा पांढरा दिसायला लागला. शेडातल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी राहिले. तिचं काम झाल्यावर तिनं पेचकस त्याच्या पायाशी टाकला.

"ने. मिरव."

त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही तो हायवेवर थांबलेल्या ट्रकवाल्यांमुळं. तिनं पूर्वी मारलेल्यांपैकीच काही होते. त्यांनी येऊन मधे भिंत केली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गावातले चार शहाणे बसले. शिकलेली बाई म्हणून मलाही बसवलं. रेतीवाला म्हणाला, दयाराम घसरून पडला. ज्यांनी पाहिलं होतं ते ट्रकवाले केव्हाच रायपूरच्या वाटेला लागले होते, आणि शहाण्यांपैकी दोघांच्या घरांची बांधकामं सुरू होती, त्यांना रेती लागत होती. मी "मनगटाचं काय?" असं म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की चहावाल्याला वाटलं साखर मागितली, त्यानं आणून दिली. ठरलं ते असं: गाडी भागरथाबाईनं खराब केली, तिनं पुन्हा रंगवून द्यावी. भांडण मिटलं.

सगळ्यांनी तिच्या कमरेकडं पाहिलं. पाइप तिथं होता. तिनं त्याला हात लावला नाही. तोंडाला पदर दाबून म्हणाली, "देऊ आमी रंगवून."

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं दयारामला सांगितलं होतं की हाड जुळेल, पण मनगटात पहिल्यासारखा जोर येणार नाही. वाटी धरता येईल, गन धरता येणार नाही. हे तिला त्या व्हरांड्यात बसताना माहीत होतं. मला नंतर कळलं.

गाडी तिनं रंगवली. दयाराम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसला होता. इतकी वर्षं ती फक्त घासायची, पुट्टी भरायची. गन तिनं कधी हातात घेतली नव्हती. तो हळू आवाजात सांगायचा, "मनगट ढिलं सोड... घाई नोको करू वं... आता परत फिर." आणि ती ऐकत होती. त्या बाईला कुणाचं ऐकताना मी तेवढंच पाहिलं. पहिला हात बिघडला, तिनं सगळा घासून काढला, पुन्हा मारला. मुद्दाम वाईट रंगवेल असं मला वाटत होतं. नाही. रंगात तिनं तसूभर खोट ठेवली नाही. पूर्ण झाल्यावर त्या काळ्या दारात पाहून मी माझा भांग नीट केला.

ती दोघं तिथून कोंढ्याला तिच्या भावाकडं गेली. भावाच्या धानाच्या शेतात राबायला, असं ऐकलं. मग मी त्यांना पाहिलं नाही. रेतीवाला मात्र सहा-सात आठवड्यांनी शेडावर आला होता. त्यानं ती गाडी रोज धुतली होती, पॉलिश करवली होती, दारात भर उन्हात जाड ताडपत्रीखाली ठेवली होती. त्या काळ्या रंगाला भाजक्या पापडासारखे फोड आले होते. फोड फुटून सालपटं उडत होती आणि नंतरच्या मिरवणुकीत हात ठेवणाऱ्या प्रत्येकाचा पंजा त्यावर उमटला होता. तो शिव्या देत आला तेव्हा तिथं शेडाच्या खांबांचे चार खड्डे होते आणि कॉम्प्रेसरखालचा सिमेंटचा ओटा. टिनंही नेली होती तिनं. त्या चार शहाण्यांकडंही तो गेला. पण "रंगवून द्यावी" असं ठरलं होतं आणि रंगवून दिली होती, हे तर त्यांनीच डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं महिनाभर त्यांना रेती मिळाली नाही, असं म्हणतात. मी त्या काळात शेजारच्या मास्तरांना पेढे दिले. कशाचे ते सांगितलं नाही.

पण मला ती दिसते ती गाडी सोपवतानाची. सकाळचं ऊन होतं. रेतीवाला माणसं घेऊन आलेला, ते चार शहाणेही आले होते. गाडी शेडाबाहेर निघाली आणि सगळ्यांच्या तोंडून "वा" निघालं. मी दारात होते तिथं माझ्या नाकालाही थिनरचा वास येत होता. आता ती त्याला समोर उभं करणार, बाळंतीण, पाणी, ऊन, सगळं ऐकवणार, म्हणून मी पदर सावरून उभी होते. ती काही बोललीच नाही.

शेवटी रेतीवाल्याच्या ड्रायव्हरलाच राहवलं नाही. तिचा जुना मार खाल्लेला होता तो. चार पावलं लांब उभा राहून त्यानं विचारलं, "काकी, पथ्य सांगा ना. सव्वा महिना ना?"

तिनं मागं वळून दयारामकडं पाहिलं. तो डाव्या हातानं उजव्या हाताच्या प्लास्टरवरची माशी हाकलत होता.

"काही नाही बापा," ती म्हणाली. "पक्की हाये. धुवा, पुसा, झाकून ठेवा. तुमची गाडी, तुमची हौस."

माझ्या गालाला एकदम झिणझिण्या आल्या. मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आयुष्यात वेळेवर तोंड मिटल्याचं मला एवढंच आठवतं.

रेतीवाला हसला. "पाहा बे, बुढी सुधरली!" आणि त्यानं आपला जाड पंजा उचलून बोनेटवर थाप मारली. थाप मारून तो पंजा तिथंच ठेवला, दाबून, मालकीचा.

सगळे मागं सरकले. चार शहाणे सरकले, ड्रायव्हर सरकला, मी सरकले. सगळ्यांचे डोळे तिच्या कमरेवरच्या पाइपाकडं. तिचा हात मात्र वर गेला, तोंडावरचा पदर बाजूला झाला आणि भागरथाबाई हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दात नव्हते. त्या काळ्या फटीतून जीभ दिसत होती, आणि ती हसत होती, तो पंजा उचलेपर्यंत.